चेस्ट नंबर दोनशे चौदा

"ये ओरिजिनल किसका है, मॅडम? अंदर ही रह गया था," म्हणत झेरॉक्सवाल्याने मशीनच्या काचेवरचा कागद उचलून वर धरला. दुकानात तेव्हा आम्ही दोघीच होतो. अमेरिकेच्या व्हिसाची फाइल घेऊन उभी असलेली मी, आणि नुकतीच आत शिरलेली शेवंती, जिला मी पाच वर्षांनी बघत होते. कागदावर लिहिलं होतं: राज्य अजिंक्यपद स्पर्धा, मुली, आठशे मीटर, प्रथम क्रमांक, वेळ दोन मिनिटं नऊ पॉइंट आठ सेकंद, निशिगंधा बबन दळवी. नाव माझं, म्हणून कागद माझा. पण ती शर्यत शेवंती धावली होती. झेरॉक्सवाला एकदा माझ्याकडे बघे, एकदा तिच्याकडे. साधं "मेरा है" एवढंच म्हणायचं होतं, पण मी हातातल्या फाइलची दोरी पुन्हा बांधायला घेतली. शेवटी शेवंतीच म्हणाली, "हिचा हाय. दे हिला." मग माझ्या दंडाला चिमटा काढून हसली. "कवा आलीस गं? फोन न्हाय, काय न्हाय." मी म्हटलं, गेल्या महिन्यात. मला अमेरिकेहून येऊन आठ महिने झाले होते. नवघरला आमचं घर, वरसाव्याला तिचं, रिक्षाने वीस मिनिटं लागत असतील, आणि या आठ महिन्यांत मी एकदाही तिकडे फिरकले नव्हते. वेळ मिळत नाही हे कारण आपल्या मुंबईकडे कुणालाही खपतं, स्वतःलासुद्धा.

तिच्या हातातही प्लॅस्टिकची फाइल होती. ती हाटकेशला एका गाळ्यात स्टीलचे डबे पुसून खोक्यात भरायचं काम करते, असं तिने सांगितलं. "दिवसभर उभी. पाय बघ कसे झालेत." मागच्या पोलीस भरतीत ती दोन मार्कांनी राहिली होती. या वेळी खेळाडूंच्या राखीव जागेतून अर्ज केला होता, पण त्याला राज्य स्पर्धेतला पहिल्या तीनातला नंबर लागतो. "माझ्या कागदावर चौथा हाय. तुला तं म्हायतीच हाय," ती म्हणाली. टोमणा नव्हता, तिला टोमणा मारता येतच नाही, तेच तर वाईट. "तुझ्याकडंच येणार होती मी. आत्माराम सर बोलले, नंबर बदली झालेला हे निशीने लिहून दिलं तर ठाण्याच्या क्रीडा ऑफिसातले साहेब संघटनेला पत्र देतील, मग दुरुस्त करून मिळंल. शनिवारी भरतीचे कागद तपासणार, तवा साहेबांचं पत्र असलं तरी चालंल. शुक्रवारी ठाण्याला जायाचं हाय. येशील ना?" मी म्हटलं, "बघते." 'बघते' म्हटल्यावर काय समजायचं ते आपल्याकडे शेंबड्या पोराला कळतं. शेवंतीने मात्र खूश होऊन मान हलवली, आणि आपला चौथ्या क्रमांकाचा कागद झेरॉक्सवाल्यापुढे सरकवला.

घरी येताना मी नवघर नाक्यावर उगाचच दोन वळणं जास्त घेतली. चालताना मला विचार करता येतो, उभी राहिले की येत नाही, ही माझी जुनी खोड. आम्ही दोघी मिठागरांच्या बांधावर धावायचो. मैदान असं काही नव्हतंच, आमचे कोच आत्माराम सर मातीवर चुन्याने खुणा करायचे आणि शिट्टी घेऊन सायकलवर मागे यायचे. पहिली फेरी शेवंती पुढे, मी तिच्या पाठीला चिकटून. वारा ती खाणार आणि मी तिच्या आडोशाने येणार, हे कधी ठरवलेलं नव्हतं, तसंच चालायचं. शेवटच्या वळणावर ती मागे न बघता म्हणायची, "ये आता." मी जीव खाऊन जायचे आणि तरी ती दोन पावलं पुढेच असायची. कधीतरी मी पुढे निघाले, तर ती मुद्दाम हळू झाली होती का अशी शंका मला दिवसभर कुरतडायची. गिरगावातून इकडे राहायला आलेल्या आम्हा लोकांना एकंदरीतच आपण जरा वरचे आहोत असं वाटायचं. तिच्या घरात कोलीम, म्हणजे बारीक जवळा, वाळत असायचा, आमच्या घरात कॉम्प्युटर होता. धावताना मात्र ती वरची, आणि ते मला तेव्हा गिळता येत नव्हतं.

तर नंबराचं असं झालं. दोन हजार दोन सालची नाशिकची स्पर्धा. मुलींबरोबर एक बाई हवी म्हणून सरांनी आईला नेलं होतं. छातीवर लावायचे कापडी नंबर आदल्या दिवशी मिळाले. मला दोनशे चौदा, शेवंतीला दोनशे अठरा. सगळे ते सेफ्टी पिनांनी लावतात. पण एकदा धावताना पीन उघडून माझ्या छातीला लागली होती, तेव्हापासून आई नंबर दोऱ्याने चारी बाजूंनी टाचून द्यायची. अगदी गोधडीला घालावेत तसे टाके. शेवंतीचाही तिनेच टाचला. बनियन दोघींच्या एकाच क्लबच्या, एकाच मापाच्या, धुऊन एकाच दोरीवर वाळत घातलेल्या. सकाळी घाईत मी तिची घातली, तिने माझी. धावून झाल्यावर कळलं. म्हणजे सगळ्यांना असंच माहीत आहे की धावून झाल्यावर कळलं.

शेवंती पहिली आली आणि मी चौथी. माईकवरून "दोनशे चौदा, निशिगंधा दळवी" अशी हाक आली. शेवंतीने छातीवर बघितलं, मग माझ्याकडे, आणि सरांनी मागून तिला ढकलली, "जा, जा आता." ती माझ्या नावावर पायरीवर चढली. फोटोवाल्याने हात वर करायला सांगितलं तर तिने केला. संध्याकाळी सर हॉस्टेलच्या व्हरांड्यात बसून हळू आवाजात म्हणाले, "पोरींनो, नंबर बदलून धावणं म्हणजे सरळ बाद. चुकून झालं हे कोण ऐकणार? दोघीही जाल आणि क्लबवर बंदी येईल ती वेगळीच. गप बसा." पुढच्या राष्ट्रीय स्पर्धेला माझं नाव लागलं, तेव्हा निशी तापाने पडलीय असं त्यांनी कळवून टाकलं. म्हणजे दोघीही गेलो नाही. पदक शेवंतीकडे राहिलं, कागद माझ्या नावाने पोस्टाने आला. पदक कुठल्या ऑफिसात मागत नाहीत, कागद मागतात, हे सतराव्या वर्षी दोघींनाही माहीत नव्हतं. मला वर्षभरात कळलं.

बारावीनंतर स्टेशन रोडच्या सायबर कॅफेत बसून मी अमेरिकेतल्या कॉलेजांना मेल लिहायला लागले. धावणाऱ्या मुलींना तिकडे फी माफ करून घेतात, हे सरांना कुणीतरी सांगितलेलं. माझ्या स्वतःच्या शर्यतींच्या वेळा लिहिल्या, सगळ्यात चांगली वेळ दोन पंधरा, तर दहापैकी एकाचंही उत्तर आलं नाही. मग एका दुपारी तो कागद स्कॅन करून जोडला. कुणी जबरदस्ती केली नव्हती. आई नव्हती बरोबर, सर नव्हते. कॅफेवाल्या पोराने "दीदी, अटॅच हो गया" म्हटलं आणि मी 'सेंड' दाबलं. दोन दिवसांत ओहायोतल्या एका लहान कॉलेजच्या कोचचं उत्तर आलं. तिचं नाव डॅना. पत्रात तीन उद्गारचिन्हं होती. मला निरोप द्यायला शेवंती सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन आली आणि ती पिशवी सामानात घेता येणार नाही म्हटल्यावर खूप हसली. "तिकडं पहिल्या फेरीला कुणाच्या मागं राहशील?" तिने विचारलं होतं. चेष्टाच होती ती.

ओहायोत लॉकर रूमच्या दारामागे पांढरा फळा होता. त्यावर प्रत्येकीचं नाव, आणि नावापुढे तिची आजवरची सर्वांत चांगली वेळ. माझ्यापुढे २:०९.८. चार वर्षं रोज बूट घालताना मी तो आकडा वाचला. पहिल्या हिवाळ्यात बंद हॉलमधल्या दोनशे मीटरच्या ट्रॅकवर मी दोन एकोणीस धावले. चार फेऱ्या, वळणं अशी तिरकी की घोटे दुखायचे, हवा इतकी कोरडी की शर्यत संपल्यावर तासभर खोकला. डॅना म्हणाली, थंडीची सवय नाही, होईल. दुसऱ्या वर्षी दोन सोळा. ती म्हणाली, घरची आठवण येत असेल. मग रक्त तपासलं आणि मला लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. कॅन्टीनमध्ये माझ्यासाठी वरण-भातासारखं काहीतरी करायला सांगितलं, पिवळं, गोडसर, आणि मी ते डोळ्यांत पाणी आणून संपवलं. बिचारी रात्रंदिवस शोधत होती की सतरा वर्षांची असताना एवढी धावणारी ही मुलगी इथे येऊन कशी काय मंदावली. तिला वाटायचं तिचंच काहीतरी चुकतंय. एकदा ती बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "सॉरी, मी तुला बिघडवलं असं मला वाटतं." बाहेर मैलोन्‌मैल बर्फ होता. मी तिचा हात धरून म्हटलं, नाही नाही, तुमची चूक नाही. एवढंच बोलले. त्यापुढचं एक वाक्य घशाशी आलं होतं आणि मी ते संत्र्याच्या फोडीबरोबर गिळलं.

दुसऱ्याच वर्षी केव्हातरी शेवंतीचा वरसाव्याच्या पीसीओवरून फोन आला. तिने विचारलं, "कसा हाय तिकडचा ट्रॅक?" मी म्हटलं, लाल. "पायाला लागतो?" नाही गं, मऊ आहे. "मऊ असतोय होय," ती म्हणाली. त्या रात्रीनंतर मी जिवाच्या आकांताने धावू लागले. सकाळी सहाला, संध्याकाळी पाचला, सुटीतही. मला जिंकायचं वगैरे नव्हतं. मला फक्त तो आकडा माझा करायचा होता, म्हणजे मग कागद खोटा राहणार नाही, असा काहीतरी वेड्याचा हिशेब मी मांडला होता. चौथ्या वर्षी मे महिन्यात आमच्या विभागाच्या स्पर्धेत मी सहावी आले. वेळ दोन नऊ पॉइंट सात. एका दशांशाने कमी. डॅना धावत आली, तिने मला उचललंच. "आलीस बघ परत! पाच वर्षांपूर्वीची तू परत आलीस!" मुलींनी केक आणला. मी गॅलरीच्या मागे जाऊन पोटातलं सगळं ओकून टाकलं. शेवंती ही वेळ बांधावर सराव करून, बोंबील खाऊन, उसन्या बुटात धावली होती, आणि मला त्यासाठी चार वर्षं, एक डॉक्टर आणि एक आख्खं कॉलेज लागलं. आता त्याच डॅनाने ऑगस्टपासून मला मदतनीस कोच म्हणून बोलावलं होतं, पुढचं शिक्षणही तिथेच. झेरॉक्स त्यासाठी चालले होते.

आईला मी संध्याकाळी सांगितलं. ती गवार मोडत होती. "झालं गेलं आता," ती म्हणाली. "सहा वर्षं झाली. आणि तुझ्या कॉलेजला कळलं म्हणजे?" कळणारच, मी म्हटलं, मी चौथी आले हे सरकारी कागदावर लिहून द्यायचं आणि पुन्हा तो पहिल्या नंबरचा कागद अमेरिकेला दाखवायचा, असं कसं करणार. "मग नको जाऊस शुक्रवारी. शेवंतीला दुसरीकडे लावू कुठेतरी. बाबांच्या ओळखीने होईल." तिने गवारीची परात बाजूला सारली. मग एकदम म्हणाली, "चूक माझी आहे गं. मीच शिवले ते नंबर. पिना लावल्या असत्या तर काढून बदलता आले असते की नाही जागच्या जागी? टाके घट्ट घातले मेले. मी येते ठाण्याला. मीच सांगते साहेबांना." आई रडायला लागली. सहा वर्षं ती हे मनात धरून बसली होती आणि मला पत्ता नव्हता. मी तिच्या शेजारी बसले आणि तिला म्हणाले, तुझी काही चूक नाही. मी तिला हे इतक्या ठामपणे सांगू शकत होते, कारण चूक कुणाची ते मला माहीत होतं.

नाशिकला शर्यतीच्या आधी आम्हाला एका मांडवात बसवलं होतं. तिथून पाच मिनिटांनी ट्रॅकवर नेतात. शेवंती खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती, कारण बूट सरांच्या पुतणीचे आणि तिला एक नंबर मोठे होते. मी पाणी प्यायले, थोडं बनियनवर सांडलं, ते पुसायला खाली बघितलं. दोनशे अठरा. मला तेव्हाच कळलं. शर्यतीच्या आधी. मांडवाच्या तोंडाशी टेबल मांडून एक बाई बसल्या होत्या, त्यांच्या पुढ्यात कात्री होती, चिकटपट्टीचं बंडल होतं. "शेवंती, अगं बनियन बदल" एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हटलं नाही. का म्हटलं नाही, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलंय की उत्तरावर आता माझाच विश्वास बसत नाही. मी घाबरले होते, हे खरं. पण त्या घाबरण्याखाली आणखी एक होतं, अगदी क्षणभरच. ही पहिली येणार, आणि माझं नाव लागणार. शेवंतीने मान वर केली आणि हसली. तिने स्वतःच्या छातीकडे बघितलंच नव्हतं, ती कधीच बघत नसे. मी तिला म्हटलं, "चल." हे आईला माहीत नाही, सरांना नाही, शेवंतीला नाही. बाकी सगळं, तो कागद, ते 'सेंड', ती चार वर्षं, त्या मांडवातून निघालेलं आहे.

गुरुवारी मी डॅनाला मेल लिहिली. कागद माझा नव्हता, वेळ माझी नव्हती, ऑगस्टमध्ये मी येत नाही. पुन्हा वाचली नाही, पाठवून दिली. मला वाटलं होतं अमेरिका सोडताना काळीज फाटेल, पण तसं काही झालं नाही, उलट भूक लागली. सायबर कॅफेतून बाहेर पडून मी वडापाव खाल्ला आणि घरी जाऊन आईला सांगितलं. शुक्रवारी साहेबांसमोर सगळं सांगायचं, मांडवातलंसुद्धा, शेवंतीच्या देखत. मग तिने थोबाडीत मारली तरी चालेल. खरं तर मारावी, असंच मला वाटत होतं.

शुक्रवारी घोडबंदर रोडच्या बसमध्ये मी काशीमीऱ्याला चढले आणि शेवंती वरसाव्याला. आत्माराम सर त्यांच्या पुतण्याच्या स्कूटरवरून परस्पर येणार होते. शेवंतीने इस्त्रीचा पंजाबी ड्रेस घातला होता, केसांना तेल. "मना रातभर झोप न्हाय," ती म्हणाली. "नोकरी लागली ना, तर पहिलं गाळ्यातल्या शेठला सांगेन, उद्यापासून तूच पूस तुझे डबे." आणि खुसुखुसू हसत राहिली. मी दोनदा बोलायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा तिने, "काय गं?" म्हणून इतक्या मायेने बघितलं, की मी म्हटलं, काही नाही, साहेबांपुढेच सांगू.

साहेब वयस्क होते, चष्मा कपाळावर. माझा स्टॅम्प पेपर त्यांनी दोनदा वाचला, सरांचं पत्र वाचलं, दोन्ही प्रमाणपत्रं शेजारी शेजारी ठेवली. चांगला माणूस होता, त्याला काम करून द्यायचं होतं हे दिसत होतं. "असं बघा," ते म्हणाले, "नजरचुकीने अदलाबदल झाली असेल तर संघटना दुरुस्ती करते, मी आजच पत्र देतो. पण धावण्याआधी दोघींपैकी एकीलाही माहीत असेल, तर ती चूक नाही, फसवणूक आहे. मग दोघींचेही निकाल रद्द, विषय संपला. म्हणून मला तुमच्या तोंडून ऐकायचंय." त्यांनी आधी शेवंतीकडे बघितलं. "तुम्हाला कधी कळलं?"

"माईकवर नाव पुकारलं तवा, साहेब."

"आणि तुम्हाला?"

सर खाली बघत होते. शेवंती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, तिला काळजीच नव्हती. ती साहेबांच्या टेबलावरच्या पत्राच्या कोऱ्या कागदाकडे बघत होती. आठवडाभर मी जे वाक्य घोकलं होतं ते तयार होतं, अगदी ओठांवर. ते बोलले असते तर मला मोकळं वाटलं असतं. आणि शेवंती सोमवारी पुन्हा गाळ्यात उभी राहिली असती.

"नाही," मी म्हटलं. "म्हणजे, मलाही नंतरच कळलं."

साहेबांनी चष्मा खाली ओढला आणि लिहिलं, 'दोघी खेळाडूंना पूर्वकल्पना नव्हती.' त्याखाली शेवंतीने सही केली, सावकाश, एकेक अक्षर जोडत. मग पेन माझ्याकडे दिलं. मी नेहमीसारखी, एका झटक्यात सही केली, आणि याचीच मला भीती वाटली. आता हे कधीच कुणाला सांगता येणार नव्हतं. सांगितलं तर तिची वर्दी उतरणार होती, माझं काही जाणार नव्हतं.

बाहेर जिन्यावर शेवंतीने मला मिठी मारली आणि ओक्साबोक्शी रडली. तिच्या केसांच्या तेलाचा वास माझ्या ओढणीला लागला. सर डोळे पुसत म्हणाले, "निशी, बेटा, मोठं मन लागतं याला." शेवंतीने माझे दोन्ही हात धरले, तिच्या बोटांना डबे पुसून पुसून चिरा पडलेल्या. "तू माझ्यासाठी अमेरिका सोडलीस," ती म्हणाली. "काकीने फोनवर सांगितलं मना. आमच्या वरसाव्यात घराघरात सांगेन बघ मी, निशी कशी हाय ते. कोण करतंय गं एवढं कुणासाठी?" मी मान वर केली नाही. तिला वाटलं मी लाजतेय.